आईची बाजारातली जागा

"मुलगा असावा तर असा," असं आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमधल्या बायका माझ्याबद्दल म्हणायच्या, आणि मी गाढव ते ऐकून फुगायचो. आईला मी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नव्हतो ना!

आई उरणकडची, कोळ्याची बायको. वडील गेल्यावरही कितीतरी वर्षं ती रोज एसटीने पनवेलच्या मासळी बाजारात येऊन बसायची. जागा सासूची, सासूनेच तिला दिलेली. आमच्यात तसंच चालतं. पासष्टी उलटली तरी पापलेटचा भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला ती अशी झाडायची की शेजारच्या बायका विक्री सोडून ऐकत बसायच्या.

एकोणीसशे नव्वदच्या पुढेमागे मी बंदरात क्लार्क झालो, ब्लॉक घेतला आणि तिला घेऊन आलो; बाजार मात्र तिने सोडला नाही. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "चालू दे त्यांना, बाजारात बसू दे. फक्त डोक्यावर ओझं नको." मी मनात म्हटलं, यांचं काय जातंय सांगायला! खरं सांगू? गुडघे हे तिचा बाजार बंद करायचं नुसतं निमित्त. एका रविवारी माझ्या साहेबांची बायको आईशी बोंबलांवरून घासाघीस करत होती आणि मी पिशवी घेऊन चार पावलांवर उभा होतो. आईने मला हाक मारली. मी ऐकू न आल्यासारखा सरळ पुढे निघून गेलो. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली काढावीशी वाटते.

पुढच्याच आठवड्यात आई तापाने पडली. मी बाजारात गेलो आणि तिच्या शेजारच्या बाईला सांगून मोकळा झालो, "आई आता येणार नाही. ही जागा तुमच्या सुनेला घ्या." आईला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

ताप उतरल्यावर ती मासळी घेऊन गेली आणि तासाभरात तशीच परत आली. तिच्या जागेवर दुसरीच बसलेली.

"माजी जागा हाय ती! मना सासूने दिलेली. तू कोन देनारा?" शेजाऱ्यांची दारं उघडली इतकी ओरडली.

"अगं, आता आरामात बसून खा की."

"बसून पाय दुखतान रे, चालून नाय!"

मग माझी सेवा सुरू झाली. तिने भाजी निवडायला घेतली की मी काढून घ्यायचो. जिना उतरायला लागली की हात धरून वर आणायचो. जेवणाचं ताट पलंगावर. वर्षा-दोन वर्षांत पाय काटक्यांसारखे झाले, भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंतही जाता येईना. मी सगळ्यांना सांगायचो, वय झालं, दुसरं काय!

एका दुपारी ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. समोरच्या रस्त्यावर मासळीवाली ओरडत चालली होती. आईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "जरा खाली जाऊ काय?"

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, पडशील."

मी वाट बघत होतो, आता शिव्या देईल. "बरं," ती म्हणाली, आणि पाय वर घेतले.

उभ्या आयुष्यात माझी आई कुणाला "बरं" म्हणाली नव्हती.