ॲम्प्लिफायरच्या पोटातली प्लेट

मी ॲम्प्लिफायर बनवून विकायचो तेव्हा कोल्हापुरातलं गिऱ्हाईक सेट आधी ऐकायचं नाही, उचलून बघायचं. दोन्ही हातांनी वर घ्यायचं, जरा हेलकावायचं आणि 'हलकं हाय की' म्हणून खाली ठेवायचं. अरे, बोकड घ्यायला आलाय का गाणी ऐकायला? तोंडावर म्हणायची सोय नव्हती, म्हणून मनात म्हणायचो.

तसं त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. ट्रान्सफॉर्मर मोठा तर वजन जास्त, आणि सगळी ताकद ट्रान्सफॉर्मरचीच. माझा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळायचो, अस्सल तांब्याच्या तारेनं. संध्याकाळी व्होल्टेज पडून दिवे मिणमिणायला लागले तरी माझा सेट दमत नसे. पण डबा पातळ ॲल्युमिनियमचा. दुसरे लोक जाड पत्र्याच्या डब्यात काहीबाही भरून विकायचे आणि माझे सेट फळीवर धूळ खात बसायचे. डोकंच फिरलं माझं. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीवाल्याकडं गेलो आणि बिडाच्या जाड प्लेटा ओतून घेतल्या. कशाला पाहिजेत म्हणून त्यानं विचारलं, तर पंख्याच्या स्टँडला म्हणून ठोकून दिलं. एकेका डब्याच्या तळाला एकेक प्लेट आवळली. सेट हातोहात जायला लागले. लाज वाटली का? छे, मजा वाटली.

मग एक दिवस तो फौंड्रीवालाच गिऱ्हाईक म्हणून दारात. घरी नवा टीव्ही आला होता, रविवारी भाड्यानं व्हिडिओ आणायचे, पण टीव्हीचा आवाज किरटा. त्याला घरात टॉकीज करायची होती. त्यानंही सेट उचलून बघितला, खूश झाला आणि घेऊन गेला. आठ दिवसांत परत. म्हणाला, आतनं घूं घूं करतंय. ठेवून जावा, बघतो म्हटलं, तर माझ्यासमोरच उघड म्हणून स्टुलावर ठाण मांडून बसला. माझी पाचावर धारण बसली.

झाकण काढलं. प्लेटचा नट ढिला झाला होता आणि ट्रान्सफॉर्मरबरोबर तीही थरथरत होती. त्यानं वाकून बघितलं. आपलं ओतकाम माणूस विसरतो होय? त्यानं प्लेटवरनं बोट फिरवलं. मग हळू आवाजात विचारलं, "ह्यात बाकीचं तरी खरं हाय न्हवं?"

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या तारेचा एकेक वेढा मी जीव लावून घातलेला, आणि आता ते सांगायला तोंड उरलं नव्हतं. फार वाईट वाटलं. गुपचूप प्लेट काढून टेबलावर ठेवली आणि सेट जोडला. वर व्होल्टेज पाडायला दुकानातली विजेची शेगडी आणि इस्त्री एकदम चालू केली. बल्ब लाल झाला. आवाज तसूभर हलला नाही. त्यानं कॅसेटची अख्खी बाजू डोळे मिटून ऐकली.

"ब्येस वाजतंय," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की प्लेट उचलली आणि ही आत्ता भंगारात टाकतो म्हणालो. इथून पुढं एकाही सेटात घालणार नाही, असंही वर सांगितलं. त्यानं माझं मनगट धरलं.

"टाकतोस कुठं? बसीव परत, खाली रबर घालून. परवा पावणं यायचं हायत आमच्याकडं, ती आधी उचलूनच बघत्यात."