सांध्यावरचा रंग

अण्णा गेल्याची बातमी मला सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षातून उतरताना मिळाली. फोन वहिनींचा होता. त्यांचा आवाज फार शांत होता, तेवढ्यावरूनच कळलं. थोरला भाऊ गेला की माणूस रडतो, मीही रडलो. पण आता दीड महिना झालाय आणि रडू येत नाही, राग येतो. पंधरा दिवसांपूर्वी एका नौकानयन क्लबचे सचिव जुळे सोलापुरातल्या अण्णांच्या घरी आले आणि म्हणाले, आमच्या शिडाच्या बोटीला अण्णांचं नाव द्यायचं ठरलंय. कोणत्या बोटीला? जी पाण्यात उतरवू नका म्हणून माझा भाऊ शेवटचं वर्ष-दीड वर्ष घसा कोरडा करत होता, त्याच बोटीला!

आम्ही मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबचे. घरात कुणाला धड पोहताही येत नव्हतं. अण्णा आयटीआय करून किनाऱ्यावरच्या एका बोटयार्डात फिटर म्हणून लागले आणि जन्मभर शिडाच्या बोटींचे कील तपासत राहिले. कील म्हणजे बोटीच्या पोटाखाली बसवलेलं जड लोखंडी पातं. वारा बोटीला आडवं करू बघतो, हे वजन तिला सरळ ठेवतं. आणि त्या पात्याला धरून ठेवतात ते नुसते बोल्ट. आतून नट चकचकीत दिसतो, पण सांध्यात पाणी झिरपलं की बोल्ट मधोमध झिजतो, जिथं डोळा पोचत नाही. म्हणून अण्णांचा हट्ट एकच... बोट उचलून टांगायची, सांधा फाकतोय का बघायचं आणि एक तरी बोल्ट काढून हातात घ्यायचा. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, की मुलगी बघायला गेलात तरी आधी खुर्ची उलटी करून बघाल. ते हसायचे, पण खुर्ची खरंच हलवून बघायचे.

निवृत्त होऊन ते सोलापुरात आले. धरणाच्या पाण्यावर त्या क्लबनं समुद्रावर वापरलेली एक जुनी बोट मुलांना शिकवायला घेतली होती. अण्णांना तपासायला बोलावलं, सोबत मी होतो. बोट किनाऱ्यावर स्टँडवर उभी होती आणि पांढऱ्या रंगावर सांध्याखाली तांबूस ओघळ दिसत होता. सचिव हसत म्हणाले, काही नाही, खंडेनवमीला पूजा केली होती, त्याचं कुंकू ओघळलंय. अण्णांनी ओल्या फडक्यानं तो ओघळ पुसला आणि आठ दिवसांनी परत येतो म्हणाले. आम्ही परत गेलो, तर ओघळ पुन्हा तिथंच. अण्णा सचिवांना म्हणाले,

"कुंकू पुसलं की जातं, सायेब. ह्यो गंज हाय, आतनं येतोय. आदी बोल्ट काढा, मग पोरं बसवा."

कसले काढतात! क्रेन आणायची, शिकवणी बंद ठेवायची, कोण करणार एवढं? पुढच्या खंडेनवमीला त्यांनी सांध्यावर जाड रंग चोपडला, वर झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. अण्णांनी पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. म्हातारा पाण्याला घाबरतो, असं क्लबात बोललं जायचं. आणि मी? मी त्या पूजेचा पेढा खाऊन आलो आणि वर अण्णांनाच म्हणालो, सोडा की आता... ते पुढचं पत्र लिहायला बसले. मला त्याची लाज वाटते.

तर पंधरा दिवसांपूर्वी हेच सचिव हार घेऊन समोर बसले होते. मी म्हणालो, नाव द्या, पण आधी माझ्यासमोर बोल्ट काढा. ते म्हणाले, अहो, आमच्या भावना समजून घ्या. माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार एवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून पुढं आल्या.

"बोल्ट काढल्याबिगर ह्यांचं नाव लावायचं न्हाय."

क्लबवाले नाव जाहीर करून बसले होते, पत्रिका छापल्या होत्या, त्यामुळं नाइलाज झाला. जिवंत माणसाच्या पत्रांना जे जमलं नाही ते मेलेल्याच्या नावानं केलं. गेल्या आठवड्यात क्रेन आली. बोट पट्ट्यांवर उचलली, खालचं पातं लोंबलं, तसा सांध्यावरचा तो जाड रंग सगळ्यांदेखत चरचरत फाटला आणि फटीत नख जाईल एवढं अंतर पडलं. बोल्ट निघाला. दोन्ही टोकांना अंगठ्याएवढा जाड आणि मध्ये पेन्सिलीएवढा. त्या बोल्टाच्या भरवशावर वर्ष-दीड वर्ष मुलं पाण्यात जात होती. त्यांचे आईबाप काठावर उभे राहून फोटो काढत होते. सचिव हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, नवीन बोल्ट टाकले की नावाचं बघू या का? मी त्यांना उत्तर दिलं नाही. त्यांनीही थोडे दिवस उत्तराची वाट बघावी.

बोल्ट मी घरी आणला. वहिनींनी तो अण्णांच्या टेबलावर ठेवलाय. भेटायला येणारे हात जोडून फोटो कुठं आहे विचारतात. वहिनी तो बोल्ट उचलून त्यांच्या हातात देतात आणि म्हणतात, "मदी बगा."