मामाजींचं रोशाचं तेल

आमच्या आत्याच्या यजमानांएवढं तिखट नाक अख्ख्या केळापूर तालुक्यात कुणाला नव्हतं, आणि ते नको तिथे खुपसण्यात त्यांच्याएवढा पटाईतही कुणी नव्हता. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो; ते पांढरकवड्याच्या शाळेत सायन्स शिकवत. जीव मात्र परसातल्या भट्टीत. छप्पन-सत्तावन सालच्या सुमाराची गोष्ट. दसऱ्यानंतर रानात गुलाबासारख्या वासाचं रोशाचं गवत फुलोऱ्यावर आलं की ते तांब्याच्या हंड्यात पाण्यासकट कोंबायचं, झाकणाच्या फटी आत्याच्याच भिजवलेल्या कणकेनं लिंपायच्या, वाफ गार पाण्यात बुडवलेल्या नळीतून फिरवायची आणि बाटलीत टपकणाऱ्या पाण्यावर तेलाचा पिवळसर तवंग कधी धरतो ते बघत बसायचं. त्या दिवसांत आत्याकडे पोळ्या कमी आणि सुवास जास्त असे. सगळी आळी कशी गुलाबी गुंगीत असायची.

शुद्धतेचं तर वेडच! थेंब टिपकागदावर टाकायचा. उडून गेला तर अस्सल, डाग राहिला तर गोडेतेलाची भेसळ. एका लग्नात वरबापानं ऐटीत पाहुण्यांना अत्तर लावलं, तर या गृहस्थानं खिशातून टिपकागद काढून भर मांडवात निकाल दिला, "डाग राह्यला जी. फसवलं तुमाले!" आम्ही जिलबी न खाताच परतलो.

लोक म्हणत, मास्तर अत्तराचा कारखाना काढून राह्यला. कारखाना कसला, कपाळ! एका मोठ्या तापानंतर आत्याला वास येणंच बंद झालं होतं. फोडणी जळली तरी तिला कळत नसे. तुळस, ओवा, सब्जा, जे उतरेल त्याची काचनळी आधी तिच्या नाकाशी. "येते का वास?" "नाई जी." की हे पुन्हा भट्टीपाशी.

एकदा रोशाचं तेल फार सुरेख उतरलं. काचनळी घेऊन मामाजी धावतच स्वयंपाकघरात गेले. आत्यानं डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि खुदकन हसली. "आला जी! पहाटच्या रानावानी!" मामाजींचे डोळेच भरून आले. मी परसात पाहिलं, तर तेलाची नळी स्टँडवरच उभी! तेलाचं वजन ताडून पाहायला ते शेजारी साध्या पाण्याची नळी ठेवत. घाईघाईत तीच उचलली होती.

मामाजी परत आले. त्यांनाही दिसलं. मी तोंड उघडणार तोच हळूच म्हणाले, "चूप बस लेका. लय वर्सानं हासली थे."

भट्टी पुढेही पेटत राहिली. आत्या प्रत्येक नळीला कसला ना कसला वास सांगायची, आणि मामाजी मान डोलवून "बराबर" म्हणायचे. आता दोघंही नाहीत, आणि आठवण आली की माझाच ऊर भरून येतो.