झेंड्याची दोरी

झेंडा वर्षातून तीनदा फडकतो. सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट. कार्यक्रम सगळा मिळून पाऊण तासाचा. पण त्या पाऊण तासाच्या गोष्टी आमच्या स्टाफरूममध्ये वर्षभर पुरतात, आणि दरवर्षी त्यात एखादीची भर पडतेच!

अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव. शाळा आणि ग्रामपंचायत एकाच आवारात, त्यामुळे झेंडा दोघांत एक. तो बांधायचं काम कित्येक वर्षांपासून माझ्याकडे आहे. ते माझ्याकडे कसं आलं, तिथूनच सुरू करते.

*

मी या शाळेत नवीन होते. तेव्हा झेंडा आमचे हेडमास्तर खर्चे सर बांधायचे. नीट घडी, आत झेंडूच्या पाकळ्या आणि वर सरकगाठ. खाली दोन दोऱ्या लोंबतात. एक ओढली की गाठ सुटते, दुसरी ओढली की आवळते. सरांनी त्या दिवशी नेमकी दुसरी ओढली. सुटेना म्हणून आणखी जोर लावला.

"सर, दुसरी ओढा," मी हळूच म्हणाले.

"मॅडम, आधी पहिली कोणती ते सांगा."

शेवटी आमचे शिपाई गजाननभाऊ चपला काढून खांबावर चढले. त्यांनी वर जाऊन गाठ सोडली, पाकळ्या पडल्या. पाकळ्या पडल्या की सुरू करायचं, एवढंच पाचवीच्या मुलींना शिकवलेलं. त्यांनी लगेच राष्ट्रगीत सुरू केलं! खाली सगळे सावधान आणि गजाननभाऊ वर खांबाला मिठी मारून. शेवटच्या जयघोषापर्यंत ते जागचे हलले नाहीत.

खाली उतरल्यावर सर त्यांच्यावरच घसरले. "गजानन, राष्ट्रगीताला सावधान उभं राहायचं असतं."

"राह्यलो असतो सर. पन हात सोडा लागले असते."

पुढच्या वेळेपासून झेंडा मी बांधते.

*

घडी घालताना रंग वरखाली होऊ नयेत, म्हणून सर दरवेळी मोबाईलमधला जुना फोटो काढून तपासायचे. एकदा मोबाईलची बॅटरी संपलेली. सरांची घालमेल गजाननभाऊंना बघवेना.

"सर, फोटू कायले पाह्यजे? खाली सोयाबीन, मंधात फुटलेला कापूस, वर झेंडू."

"आणि चक्र?"

"ते बैलबंडीचं."

सरांचा विषय इतिहास. त्यांनी कपाळाला हात लावला, पण घडी त्याच क्रमानं तपासली. मी वर्गात आता रंग असेच शिकवते. चक्राचं मात्र खरं काय ते सांगते.

*

ही गजाननभाऊंनी सांगितलेली. ते तेव्हा सलूनमध्ये नंबर लावून बसले होते.

गावात उत्तमराव म्हणून निवृत्त सैनिक आहेत. सगळे त्यांना फौजीच म्हणतात. फौजी खुर्चीत दाढीला बसलेले, अर्धा गाल साबणात. टीव्हीवर क्रिकेटची मॅच सुरू व्हायची होती. दोन्ही टीम ओळीत उभ्या राहिल्या, राष्ट्रगीत लागलं आणि फौजी गळ्यातल्या कापडासकट ताडकन उभे. सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा हातातच राहिला.

"फौजी, बसा ना. हे त्याइचं हाये. आपलं याच्यानंतर."

फौजी बसले नाहीत. पाहुण्यांचं संपलं, मग आपलं झालं, मगच खुर्चीत टेकले. सलूनवाला कुरकुरला, "दुसऱ्याच्यासाठी काऊन उभे राह्यले तुमी?"

"त्याइच्याही पोराइनं गोळ्या खाल्ल्या असतीन कुठं तरी," फौजी म्हणाले. "कर आता दाढी."

गजाननभाऊ सांगतात की त्या दिवसापासून दुसऱ्या देशाचं राष्ट्रगीत लागलं तरी त्या सलूनमध्ये कोणी बसत नाही. मला फौजींचा तेव्हापासून फार आदर वाटतो.

*

आता शोभाताई. नाल्यापलीकडच्या वस्तीवर राहतात. पावसाळ्यात नाला भरला की वस्तीवरच्या मुलांची शाळा बुडायची. पुलासाठी अर्ज करून करून सगळे थकले, शोभाताई नाही. एका पंधरा ऑगस्टला त्यांनी वस्तीचं झेंडावंदन थेट नाल्यात ठेवलं! दगड भरलेला ड्रम, त्यात उंच बांबू, बांबूवर तिरंगा आणि भोवती गुडघाभर पाण्यात बायामाणसं. शाळेचा कार्यक्रम आटपून मीही गेले आणि साडी सावरत पाण्यात उतरले. शोभाताईंचे यजमान समाधानराव तेवढे काठावर होते.

कोणीतरी फोन केला असावा. तालुक्याच्या साहेबांची जीप आली.

"हे काय चाललंय? हा झेंड्याचा अपमान आहे," साहेब काठावरून ओरडले.

"साहेब, झेंडा कोरडा हाये," शोभाताई म्हणाल्या. "आमी ओले हाओत. तेच दाखवाले बोलावलं तुमाले."

साहेब पुढचं बोलणार, तेवढ्यात शोभाताईंनी राष्ट्रगीत सुरू केलं. साहेब काठावरच्या चिखलात सावधान. गीत संपेपर्यंत त्यांचे बूट घोट्यापर्यंत आत गेले होते. दिवाळीच्या आत नाल्यावर सिमेंटचे नळे पडले आणि मुलं कोरड्या पायांनी शाळेत यायला लागली.

*

पुढच्या निवडणुकीत आमच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं. शोभाताई निवडून आल्या आणि समाधानराव सरपंच झाले!

हसू नका, तसंच झालं. सही शोभाताईंची, बाकी सगळा कारभार यांचा. गाव त्यांना 'सरपंच' म्हणायला लागलं आणि शोभाताईंना 'सरपंचबाई', म्हणजे सरपंचाची बायको. झेंडाही समाधानरावच फडकवायचे. शोभाताई मागे बायकांमध्ये सतरंजीवर. मला याचा फार राग यायचा. ज्या बाईनं साहेबाला चिखलात उभं केलं, ती मागे का बसते? एकदा मी तोंडावरच विचारलं.

"मॅडम, मी दोरी चुकली तं लोकं म्हनतीन, बाईले दिली होती म्हून चुकली."

खरंच होतं ते. खर्चे सर चुकले तेव्हा फक्त खर्चे सर चुकले होते.

"मग शिका," मी म्हणाले. "सव्वीस जानेवारीला आठ दिवस आहेत."

रोज शाळा सुटल्यावर त्या यायच्या. खांबावर माझा जुना टॉवेल चढवून आम्ही सराव केला. तीन दिवसांत त्यांना दोरी आली. मग म्हणाल्या, "आता गाठही शिकवा. दुसऱ्याच्या गाठीवर भरोसा कायले?"

सव्वीस जानेवारीला सकाळी घडी त्यांनी घातली, पाकळ्या त्यांनी भरल्या आणि गाठही त्यांनीच मारली. मी नुसती बघत होते. मग त्या नेहमीच्या जागी सतरंजीवर जाऊन बसल्या.

गजाननभाऊंनी माईकवरून पुकारलं, "सरपंचांना विनंती आहे, त्यांनी ध्वज फडकवावा."

दोन माणसं उठली. एक पहिल्या खुर्चीवरून, एक सतरंजीवरून. खुर्ची खांबाजवळ होती, त्यामुळे समाधानराव आधी पोचले आणि त्यांनी दोरी धरली.

शोभाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सरका."

"अवं, गाठ अटकली तं?"

"नाही अटकत. म्याच बांधली."

"लोकं पाहून राह्यले."

"म्हनूनच म्हनलं, सरका."

समाधानराव दोरी सोडेनात. मला वाटलं, आता ही बाई मागे फिरते. मी पुढे पाऊल टाकणार, एवढ्यात शोभाताईंनी मैदानाकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"सावधान!"

मुलांचे पाय एकदम जुळले. खुर्च्यांवरचे पाहुणे उठले, खर्चे सर ताठ झाले. आणि लहानपणापासूनच्या सवयीनं समाधानरावांचेही दोन्ही हात मांड्यांना चिकटले.

दोरी मोकळी झाली. शोभाताईंनी ती धरली आणि एका झटक्यात ओढली. पाकळ्या पडल्या, निम्म्या समाधानरावांच्या टोपीवर. झेंडा फडफडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

राष्ट्रगीत झालं, बुंदी वाटायला सुरुवात झाली. तेवढ्यात समाधानरावांचा फोन वाजला. पलीकडच्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "हॅलो, सरपंच बोलता का?"

समाधानरावांनी खांबापाशी उभ्या असलेल्या शोभाताईंकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले,

"नाही. मी त्याइचा नवरा बोलून राह्यलो. थांबा, देतो त्याइले."