उघडा नळ

बहिणीचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर चित्रं करतो. टांगायची नव्हेत, आपण हात लावला की हलणारी. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी त्यानं नांदेडला प्रदर्शन भरवलं. "मावशी, उद्‌घाटन तूच करायचं. पुढं काय होईल ते तुझ्या हातात," म्हणाला. मी ठेवणीतली साडी नेसून गेले आणि चारचौघांत थोडी मिरवलेही.

अंधाऱ्या हॉलमध्ये खराखुरा पितळी नळ बसवला होता. मागे भिंतभर पडद्यावर तुडुंब भरलेली विहीर. मी नळ सोडला. थेंबही आला नाही. मग लातूरची कुठलीही बाई करते तेच मी केलं: नळ तसाच उघडा ठेवून बाजूला जाऊन बसले. आमच्याकडे पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. नळ उघडा ठेवायचा, खाली रिकामी बादली ठेवायची. बादली वाजली की धावायचं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत नळ आले, आणि पुढं ही सवय लागली.

पडद्यावरची विहीर मात्र आटायला लागली. तळ उघडा पडला, चिखलाला भेगा गेल्या आणि त्या भेगांवर माझाच चेहरा आला, भिंतीएवढा. खाली अक्षरं उमटली: हे पाणी तुम्ही वाया घालवलं. लोक वळून माझ्याकडे बघू लागले. मी धडपडत उठले, नळ करकचून बंद केला. चेहरा काही जाईना.

"बंद केला की रे. तरी चालूच हाय."

"मावशी, तो थांबतच नाही. मीच तसं बनवलंय. गेलेलं पाणी परत येत नाही, हे लोकांना कळायला पाहिजे."

"मग मला फिरवायला कशाला दिलास?"

"लोकांनी भाग घ्यावा म्हणून. तू लाजलीस ना, म्हणजे जमलं." तो खरंच खूश होता.

तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळणारी मी. मला राग यायला हवा होता. आली ती लाज. त्यानं आधीच ठरवून माझ्या अंगावर टाकलेली, तरी अंगाला चिकटली. परतीच्या एसटीत मी डोक्यावरून पदर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण प्रदर्शनाचं विचारायला आली. बोलता बोलता तिची नजर मोरीकडे गेली, निदान मला तसं वाटलं. मी उठून आमचा नळ बंद केला.

दुपारी माझा डोळा लागला. उठले तेव्हा गल्लीतल्या बायका भरलेल्या घागरी आत नेत होत्या. मी मोरीत धावले, नळ सोडला. नुसती हवा आली.

शेजारीण दारात येऊन म्हणाली, "पाणी येऊन गेलं की वो बाई. तुमची बादली कशी वाजली न्हाई?"

नळ बंद होता, हे मला तिला सांगता आलं नाही.