थांबेबुवा उतरायचे राहिले

शहरात दोन मोठी स्टेशनं होती आणि ती एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखी वागत. उत्तरेच्या गाड्या वरच्या स्टेशनात येऊन संपायच्या, दक्षिणेच्या खालच्या स्टेशनातून सुटायच्या आणि मधल्या शहरात रूळ म्हणून नव्हता. इकडून तिकडे कामाला जाणाऱ्याने गाडीतून उतरायचं, जिना चढायचा, पूल ओलांडायचा, जिना उतरायचा आणि बाहेर उभ्या असलेल्या, या स्टेशनातून त्या स्टेशनात नेणाऱ्या जोडबसमध्ये स्वतःला कोंबायचं. ही स्टेशनं बांधणाऱ्या शहाण्यांचं आपसात काय बिनसलं होतं कोण जाणे. निस्तरत बसले रोजचे प्रवासी आणि जोडबसचे ड्रायव्हर थांबेबुवा.

हे त्यांचं खरं नाव नव्हे, प्रवाशांनी ठेवलेलं. गाडीला उशीर झाला की ते बस सोडायचे नाहीत. कंट्रोलर खिडकीवर थाप मारून ओरडायचा, "अहो, काढा ना बस!" आणि हे शांतपणे म्हणायचे, "आलेच, जिन्यावर आहेत." दुसरी सवय शेवटच्या थांब्यावरची. इंजिन बंद करून ते आरशात बघत बसायचे. बस पूर्ण रिकामी झाल्याशिवाय जागेवरून उठायचे नाहीत. नवीन असताना एकदा मागच्या सीटवर झोपलेल्या म्हाताऱ्याला कुलपात ठेवून ते चहाला गेले होते. म्हातारा जागा झाल्यावर त्याने जो आरडाओरडा केला, तो त्यांच्या कानात कायमचा बसला.

या कामाने ते थकले होते, आणि हा थकवा झोपून जाणारा नव्हता. क्लच दाबून डावा गुडघा गेला, हॉर्न ऐकून कान गेले, आणि घरी आल्यावर कोणी नुसतं "काय म्हणता?" विचारलं तरी चिडचिड व्हायची.

घर वरच्या स्टेशनामागे. दोन खोल्या, बायको आणि ते. बायकोचे दोन्ही गुडघे दुखणारे, त्यामुळे जोडबसची उंच पायरी तिला चढवत नसे. नवऱ्याची बस, पण तिला तिच्यात बसून कित्येक वर्षं झाली होती.

एकुलती एक मुलगी खालच्या स्टेशनाच्या पलीकडे राहायची. तिने लग्न केलं ते वयाने बराच मोठा असलेल्या, पदरी एक मुलगी असलेल्या विधुराशी. थांबेबुवा तेव्हा जेवता जेवता म्हणाले होते, "त्या घरात मी पाय ठेवणार नाही." राग पुढे कधीच विरला. जावई चांगला निघाला, हे त्यांच्या कानावर आलं होतं. पण बोललेलं वाक्य तसंच राहिलं. ते मागे कसं घ्यायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

घरात त्या वाक्याचा उल्लेख कोणी करत नसे. सगळं खापर रेल्वेच्या माथी. शेजारीण विचारायची, "लेक येत नाही हो फारशी?" बायको म्हणायची, "कशी येणार? गाडी, मग जिने, मग ती बस, सोबत लहान पोर." मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बदलाबदलीतच जीव जातो गं." आणि थांबेबुवा ऐकून मान डोलवायचे, कारण बदलाबदलीत जीव जातो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! सबब खरीच होती, त्यामुळे ती सगळ्यांना पुरली.

मग बोगदा झाला. अर्धं शहर खणून, लोकांच्या नाकातोंडात धूळ घालून, पण झाला एकदाचा. उत्तरेची गाडी आता वरच्या स्टेशनात न संपता जमिनीखालून खालच्या स्टेशनात जाणार आणि तशीच पुढे दक्षिणेला निघणार. फीत कापली, भाषणं झाली आणि जोडबस बंद झाली. थांबेबुवांना डेपोच्या खिडकीत किल्ल्या वाटायला बसवलं. सकाळी किल्ल्या द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या. त्यांना वाटलं होतं, आता तरी आराम मिळेल. पण बसून बसून ते जास्तच दमू लागले.

एक दिवस बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता एकाच गाडीत बसून तिच्याकडे जाता येतं म्हणे."

"स्टेशनातली लिफ्ट कुठे चालू आहे अजून? तुला जिने झेपणार आहेत का?"

"मग बघून या ना. सुट्टीच आहे उद्या."

"बघतो."

"बघतो नाही. बघून या."

दुसऱ्या दिवशी ते निघाले ते उत्तर तयार ठेवूनच. लिफ्ट बंद आहे, एवढंच येऊन सांगायचं. पण वरच्या स्टेशनातली लिफ्ट चालू होती आणि वर झक्क दिवाही लागला होता. थांबेबुवांचा विरसच झाला. त्यांनी सगळी भिस्त खालच्या स्टेशनावर ठेवली. तिथली नक्की बंद असणार, तिथे कधी काय धड चाललंय? बायकोला तिथे उतरायचं नव्हतं, पण सबबीला तेवढं चाललं असतं.

गाडीत ते सवयीने सगळ्यांत पुढे, ड्रायव्हरच्या केबिनमागे बसले. गाडी बोगद्यात शिरली. ज्या रस्त्यावर त्यांनी सिग्नलला, खड्ड्यांना आणि रिक्षावाल्यांना तोंड देत उमेदीची सगळी वर्षं घालवली, तो रस्ता डोक्यावरून निघून गेला. समोरचा तरुण मोबाइलवरून मान वर करायच्या आत खालचं स्टेशन आलं. थांबेबुवांना वाईट वाटलं. आपण एवढं काय करत होतो मग?

दारं उघडली. माणसं उतरू लागली. थांबेबुवा बसून राहिले. शेवटचा थांबा, सगळे उतरले की उठायचं. एक बाई पिशव्या सावरत उतरली, एक काठीवाले आजोबा उतरले. पण डबा काही रिकामा होईना, कारण उतरणाऱ्यांच्या मागून चढणारेही येत होते. हे बघत, वाट पाहत बसले आणि दारं बंद झाली.

"अहो, थांबा! उतरायचंय!" ते ओरडले. शेजारचा म्हणाला, "काका, आता पुढच्याला." गाडी पुढे जाते हे त्यांना माहीत होतं, पण अंगाला त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या अंगाच्या हिशेबी जग खालच्या स्टेशनात संपत होतं.

पुढच्या स्टेशनात उतरता आलं असतं. ते उठलेही. दारात उभे राहिले, दारं उघडली, पाय मात्र उचलला नाही. त्यानंतरचं स्टेशन मुलीचं होतं. इतकं जवळ. रोज कितीदा तरी ते तिच्या दारापर्यंत येऊन बस फिरवून माघारी जात होते, आणि घरी जाऊन रेल्वेला नावं ठेवत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मुलीच्या स्टेशनात ते उतरले आणि बाकावर बसून त्यांनी घरी फोन लावला.

"पाहिली का लिफ्ट?" बायकोने विचारलं.

"अगं, मी पुढे आलो. उतरायचं राहिलं."

"पुढे म्हणजे?"

"तिच्या स्टेशनावर."

मग ती म्हणाली, "चुकून गेलात ना?"

"हो. चुकूनच."

"बरं झालं. मुद्दाम तुम्ही या जन्मात गेला नसतात."

तिचा आवाज जरा खाली आला. "तिथे जिने किती आहेत हो?"

थांबेबुवांनी मान वळवून पाहिलं. हे त्यांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. फलाट थेट रस्त्याला लागलेला होता. लोक गाडीतून उतरून सरळ चालत घरी जात होते.

"एकही नाही गं," ते म्हणाले. "एकसुद्धा पायरी नाही."

"मग मी येऊ?"

"ये. आपल्या स्टेशनातली लिफ्ट चालू आहे. सावकाश ये, घाई करू नकोस," थांबेबुवा म्हणाले. "मी थांबतो."