मन्नूबियाची करपलेली बाटली

नाबुलमध्ये कडू संत्र्याला फूल येतं मार्चच्या शेवटी. पुढचे पंचवीस-तीस दिवस गावात कुणाला दुसरं काही सुचत नाही. त्या दिवसांत मन्नूबियाच्या शेडमध्ये तांब्याची सात भांडी चुलींवर असतात. त्यातली चार मी घडवली, तीन माझ्या उस्तादाने. कल्हई मात्र सातांनाही माझी. मी तांबट. चाळीस वर्षं हेच काम केलं. आता उजवा खांदा वर जात नाही, म्हणून तिच्या शेडमध्ये बसून असतो आणि चुका दाखवतो.

मन्नूबियात चूक दाखवायला फारसं मिळत नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई. ठेंगणी, मनगटं पुरुषासारखी, त्यांवर वाफेचे जुने डाग. लाकडी पाटावर बसते आणि थेंब ऐकते. बघत नाही, ऐकते. खालच्या भांड्यात पाणी आणि फुलं, वर तांब्याचं टोपण, टोपणाच्या माथ्यावर गार पाणी. वाफ टोपणाला लागली की निवते आणि नळीतून थेंबाथेंबाने बाटलीत उतरते. सांध्यावर कणकेत भिजवलेली चिंधी गुंडाळायची. माथ्यावरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. एवढंच काम. पण थेंबाची धार झाली की पाणी पातळ, आणि थेंब फार रेंगाळला की विस्तव मेला. मन्नूबिया शेजारणीशी भांडत असली तरी पाचव्या भांड्याचा थेंब बदललेला तिला कळतो.

चार किलो फुलांना आम्ही एक वजन म्हणतो. एका वजनाच्या दोन मोठ्या बाटल्या निघतात. तिसरी काढणारे आहेत. त्यांची नावं इथे लिहीत नाही.

या फुलांच्या पाण्यावाचून आमच्याकडे घर चालत नाही. बाळाचं पोट दुखलं, कुणाला ऊन लागलं, म्हातारीला झोप येईना, की हेच. कॉफीत थेंब, मिठाईत चमचा. पण हल्लीच्या सुना दुकानातून प्लास्टिकची बाटली आणतात. गेल्या वर्षी सातांपैकी दोन भांडी अख्खा हंगाम थंड राहिली. हम्मामेत गावाच्या रस्त्यावर याच पाण्याचा कारखाना आहे, त्याचा मालक येऊन म्हणाला, "मावशी, भांडी मला द्या. दारात मांडीन, पाहुण्यांना बघायला. तुमच्या शेडमध्ये कामाला असलेल्या अकरा बायकांना फुलं तोडायला घेतो."

"शोभेला?" मन्नूबियाने विचारलं.

"शोभेला."

"मग मलाही मांड ना शेजारी. मीसुद्धा जुनीच आहे."

तो हसला. ती हसली नाही. तो गेल्यावर तिने दुपारभर थंड भांडी घासली. वापरली नव्हती तरी.

यंदा एक आशा होती. स्फाक्स शहरातला व्यापारी सी अनीस, सी म्हणजे आमच्याकडचं साहेब, शंभराहून जास्त औषधांच्या दुकानांना माल पुरवतो. त्याला फुलांचं पाणी एकाच ठिकाणाहून हवं होतं. एक तर कारखाना, नाही तर मन्नूबिया. त्याने कळवलं की राजधानीतलं एक मासिक नैसर्गिक आरोग्याच्या मालावर विशेष अंक काढतंय, दहा उद्योगप्रमुखांच्या मुलाखती घेतंय, त्यात तुम्ही दोघंही आहात. अंक वाचून ठरवतो. त्याने घेतलं तर भांडी चुलीवर राहतील. नाही घेतलं तर कारखान्याच्या दारात जातील. शेडमधल्या अकराही बायकांना हे माहीत होतं, त्यामुळे त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मन्नूबियाची भाची इब्तिहाल व्यवस्थापन शिकलेली आहे. पोरगी हुशार, आत्यावर जीव टाकणारी. तिने एक कागद लिहून आणला.

"आत्या, मासिकवाली विचारणार, तुम्ही नवं काय केलंत. तू म्हणायचंस, आम्ही परंपरेला आधुनिक विज्ञानाची जोड दिली."

"कुठे दिली?"

"अगं, म्हणायचं असतं."

"मग तू म्हण. मी चूल बघते."

"बाकीचे नऊ जण असंच बोलतात. उद्योगप्रमुख आहेस तू."

"मी कुठली प्रमुख? सही करायला मला चष्मा शोधावा लागतो."

इब्तिहालने माझ्याकडे बघितलं. "उस्ता, तुम्ही तरी सांगा. आणि फळीवरची ती बाटली आधी खाली उतरवा. सी अनीस औषधांच्या दुकानांचा माणूस आहे. करपलं हा शब्द वाचला की पान उलटेल तो."

मी नळी पुसत राहिलो. बाटली माझी नव्हती.

ती बाटली चौथ्या चुलीच्या वर, फळीवर चोवीस वर्षं आहे. भोवती गवताचं वेष्टण विणलेली जुनी बाटली, तोंडाला मेण. शेडमध्ये येणारी नवी बाई पहिल्या दिवशी तिच्याबद्दल विचारते. दुसऱ्या दिवसापासून विचारत नाही.

मुलाखत घ्यायला आली ती सिरीन नावाची मुलगी. तिशीची, पायात शहरी बूट, पण दारात थांबून विचारलं, "बूट काढू का?" मन्नूबियाला ते आवडलं. तिने तिला कॉफी दिली, त्यात आपलं पाणी घालून. सिरीनने आवाज टिपायचा छोटा डबा पाटावर ठेवला आणि सुरुवात केली.

"मावशी, मी आतापर्यंत नऊ जणांना भेटले. कुणी परदेशातून स्टीलची यंत्रं आणलीत, कुणी प्रयोगशाळा बांधलीय. तुमचा नवा शोध कोणता?"

इब्तिहाल मागे उभी राहून ओठ हलवत होती. परंपरेला, आधुनिक.

"थांब," मन्नूबिया म्हणाली आणि उठली. तिसऱ्या भांड्याच्या माथ्यावर मनगट लावलं, कोमट पाणी काढलं, गार ओतलं. परत येऊन बसली. "तो डबा बंद कर."

इब्तिहालने सुस्कारा सोडला.

"नको, राहू दे चालू," मन्नूबिया म्हणाली. "मी दोनदा सांगणार नाही." तिने हात वर करून करपलेली बाटली उतरवली, नखाने मेण खरवडलं आणि सिरीनच्या नाकाखाली धरली. "घे वास."

सिरीनने घेतला आणि मान मागे ओढली. "जळलेल्या साखरेसारखा. आणि... लोखंडाचा?"

"तांब्याचा. चोवीस वर्षं झाली, अजून गेला नाही."

मग तिने सांगितलं. मला सगळं माहीत होतं, तरी मी हातातली नळी खाली ठेवली.

त्या वर्षी आठवडाभर पाऊस पडला आणि मग एकदम ऊन. सगळ्यांची फुलं एकाच दिवशी उमलली. तोडलेलं फूल आमच्याकडे दुसरी रात्र घरात काढत नाही, त्याचा वास बसतो. मन्नूबियाच्या दारात फुलं बांधलेल्या चादरींचे ढीग लागले आणि भांडी होती दोन. शादलिया नावाची शेजारीण आपल्या मुलीच्या लग्नाच्या बाटल्यांसाठी फुलं घेऊन आली होती. वर्षभर राखलेल्या झाडाची. मन्नूबियाने एका भांड्यात एक वजनाच्या जागी दीड वजन दाबलं. फूल जास्त म्हणजे पाणी कमी. फुलं तळाला बसली आणि चिकटली. थेंब नेहमीसारखाच पडत होता, म्हणून तिला कळलं उशिरा. पहिली बाटली, म्हणजे हीच, भरली तेव्हा वास आला.

"मग काय केलंत?" सिरीनने विचारलं.

"एक बाई म्हणाली, सगळ्यांच्या बाटल्यांत अर्धा-अर्धा पेला मिसळ, कुणाला समजणार नाही. खरंच समजलं नसतं."

"आणि?"

"शादलियाला माझ्या घरच्या, आदल्या वर्षाच्या दोन बाटल्या दिल्या. आणि गल्लीत सांगितलं."

"सगळ्यांना?"

"अर्ध्यांना सांगून काय उपयोग? उरलेल्यांना शादलियाने सांगितलंच असतं, आणि वर मीठमसाला लावून."

दोन हंगाम तिच्या दारात मोजक्याच चादरी आल्या. तिसऱ्या वर्षी जानेवारीत ती करपलेलं भांडं डोक्यावर घेऊन माझ्या दुकानात आली होती. मी म्हटलं, "घासून देतो." ती म्हणाली, "घासायला मला पण येतं. फूल तळाला लागणारच नाही असं काही करा, उस्ता."

भांड्याच्या आत बसवायची पहिली चाळणी मी तीन दिवसांत केली. उकळीत ती मधोमध खचली. दुसरीची भोकं मोठी झाली, पाकळ्या खाली पडल्या. मन्नूबिया रोज येऊन बसायची आणि विचारायची, "झालं?" मी म्हणायचो, "नाही." ती म्हणायची, "बरं." तिने एकदाही म्हटलं नाही की चालेल एवढ्याने. तिसरी जाड पत्र्याची, तीन पायांची, तळापासून चार बोटं उंच, दोन्ही बाजूंनी कल्हई. अकरा दिवस लागले. फुलं वर, पाणी खाली, वाफ मधून. मोठ्या कारखान्यांत असं काही आधीपासून होतं हे मला पुढे कळलं. आमच्या गल्लीत नव्हतं. आता आमच्या भागातल्या प्रत्येक घरच्या भांड्यात आहे. मन्नूबियाने ती लपवली नाही. जी बाई मागायला आली तिला माझ्या दुकानाचा रस्ता दाखवला.

"म्हणजे शोध उस्तांचा," सिरीन माझ्याकडे वळून म्हणाली.

"हात त्यांचे," मन्नूबिया म्हणाली. "करपवणं माझं. दोन्ही लिही."

"पण ही बाटली ओतून का नाही टाकलीत?"

"ओतली असती तर दर वसंतात, दारात ढीग लागला की मला वाटलं असतं, दीड वजन मावेल."

सिरीनने डबा चालू आहे का ते बघितलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, हे छापू? विचार करून सांगा. हे पुष्कळ लोक वाचतील."

"नको," इब्तिहाल म्हणाली. ती पुढे आली. "आत्या, अकरा बायका आहेत गं."

मन्नूबियाने मागे वळून बघितलं. अकरांपैकी आठ जणी तिथेच होत्या, हात थांबलेले. वयाने सगळ्यांत मोठी हमीदा म्हणाली, "आमच्याकडे काय बघतेस? पहिल्याच दिवशी आम्हाला वास दिलास. त्या अनीसला कशाला सोडायचं?"

"छाप," मन्नूबिया म्हणाली. "नाही तर छापणार काय, माझा फोटो?"

फोटोही छापला. अंक पंधरा दिवसांत आला. नऊ मुलाखतींत प्रयोगशाळा, पांढरे कोट, हसरे मालक. दहाव्या मुलाखतीत मन्नूबिया, हातात बाटली, तोंड आंबट. खाली लिहिलं होतं, "माझी चूक". इब्तिहालने वाचलं आणि डोळ्यांवर ओढणी ओढली.

सी अनीसचा फोन आला नाही. एक आठवडा गेला. हंगाम उतरणीला लागला. कारखान्याच्या माणसाने भांडी न्यायला ट्रक कधी पाठवू म्हणून विचारलं. मन्नूबिया म्हणाली, "फुलं संपू देत."

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळच्या भर घाईत, दारात एक लठ्ठ माणूस उभा राहिला. त्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, "ती बाटली कुठाय?"

"कोण तुम्ही?"

"स्फाक्सहून आलोय."

मन्नूबियाने बाटली दिली. त्याने वास घेतला, नाक पुसलं, पुन्हा घेतला. मग चालू भांड्याखालच्या बाटलीचा घेतला. दारातल्या चादरींकडे बोट दाखवून विचारलं, "आज फुलं जास्त दिसतात. भांड्यात किती?"

"एक वजन."

"आणि ही बाकीची?"

"हमीदाच्या मुलीकडे घरचं भांडं रिकामं आहे. तिथे जातील. तिथेही नाही मावली तर परत जातील."

"माझ्याकडे शंभर दुकानं आहेत, मावशी. परत पाठवून कसं चालेल?"

"मग भांडी वाढवा. वजन नाही वाढणार."

त्याने पाचवं भांडं उघडायला सांगितलं. ते पहाटेच उतरवून निवत ठेवलेलं होतं. मन्नूबियाने टोपण काढलं, चिमट्याने चाळणी उचलली. पाकळ्या पिवळट, मऊ, एकही काळी नाही. सी अनीसने बाहीचं बटण सोडलं, बाही वर केली आणि निवलेल्या भांड्यात हात घालून तळाला बोट फिरवलं. बोट उजेडात धरून बघितलं. मी चाळीस वर्षं तसंच बघितलंय.

"एका हंगामाचं घेतो," तो म्हणाला. "पुढचं पुढे."

"पुढचं पुढे," मन्नूबिया म्हणाली. "कॉफी घ्या. मग बाजूला बसा, माझं दुसरं भांडं बोलावतंय."

इब्तिहाल रडत होती. हमीदाने तिच्या पाठीत धपाटा घातला. "रडतेस काय? कागद आण तुझा, आता तुझं काम." कारखान्याचा ट्रक आला नाही. भांडी चुलींवर आहेत. पुढच्या वर्षासाठी आठव्या भांड्याचा पत्रा आणलाय. घडवणार माझा पुतण्या, मी शेजारी बसून चुका दाखवणार.

एक गोष्ट मात्र राहिली होती. अंकात चाळणीच्या फोटोखाली माझं नाव होतं आणि लिहिलं होतं, दोनशे भोकांची चाळणी. मी त्याच दिवशी सिरीनला फोन लावला.

"दोनशे नाहीत. दोनशे सोळा."

ती हसली. "उस्ता, सोळाने काय फरक पडतो?"

"एकेक भोक हातोडीने पाडलंय. सोळा म्हणजे माझी अख्खी सकाळ."

मागून मन्नूबिया ओरडली, चुलीपुढून न उठता, "उस्ता, तिला म्हणावं आधी तो डबा चालू कर. मग सांगा."

पुढच्या अंकात दुरुस्ती आली. दोन ओळींची, तळाला. मन्नूबियाने ती कापून करपलेल्या बाटलीवर चिकटवली आहे.